'ओपन व्हील' आणि 'स्टॉक कार': मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
अमेरिकेतल्या मोटारशर्यतींवरच्या एका माहितीपटाचे मराठी सबटायटल्स करतेय आणि एका वाक्यात दोन दिवस अडकलेय. वाक्याचा आशय असा: १९९६ पासून ओपन व्हीलच्या (म्हणजे चाकं बॉडीबाहेर उघडी असलेल्या गाड्यांच्या) शर्यतींच्या दोन सिरीज एकमेकींशी भांडत बसल्या आणि तेवढ्यात स्टॉक कारवाले (चाकं झाकलेल्या, साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांचे) पुढे निघून गेले. मी लिहिलं, 'उघड्या चाकांच्या दोन प्रतिस्पर्धी मालिका'. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलंय, 'कोणत्या वाहिनीवर?' आणि आधीच्या अनुवादकानं स्टॉक कारचं 'साठ्यातील मोटार' करून ठेवलंय. सुचवा. एका ओळीत जेमतेम ४० अक्षरं मावतात, हे लक्षात असू द्या.

उद्यमनगरचा मिस्त्री
ताई, 'साठ्यातील'ला हसू नका, मूळ तिथंच आहे. विक्रेत्याकडं जशी उभी आहे तशी गाडी, ती स्टॉक. अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था १९४८ ची. १९ जून १९४९ ला शार्लट गावी त्यांनी 'स्ट्रिक्टली स्टॉक' नावानं पहिली शर्यत भरवली. ग्लेन डनअवे पहिला आला. तपासणीत मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बदललेले निघाले. चोरटी दारू वाहणारे तसले पाटे घालायचे, मागं माल भरला तरी गाडी बसू नये म्हणून. डनअवे बाद, आणि लिंकन गाडीवाला जिम रोपर विजेता. म्हणजे 'स्टॉक' शब्दाचा अर्थ त्यांनी पहिल्याच दिवशी पाट्यावर ठरवला.
आता आमच्याकडं बघा. पोरगं बुलेट घेऊन येतंय, म्हणतंय, "मिस्त्री, स्टॉक सायलेन्सर परत चढवा, पोलिसानं धरलं." त्याला हा अर्थ कुणी शिकवला? शब्द मराठीत येऊन जुना झाला, कोशवाल्यांना पत्ता नाही.

गीर्वाण
गॅरेजची बोली गॅरेजात शोभते. लेखी मराठीत 'मूलरूपी मोटार' आणि 'मुक्तचक्री मोटार' असे नेमके, समासयुक्त शब्द सहज घडतात. आपण घडवत नाही म्हणून भाषा भिकारी दिसते.

पेठेतला
'मुक्तचक्री' वाचून नट निसटून चाक ओढ्यात गेल्यासारखं वाटलं. आणि मूलरूपी कशाला म्हणता? आजच्या नॅसकारच्या गाडीला उघडणारं दार नसतं, चालक खिडकीतून आत उतरतो. पुढचे दिवे म्हणजे चक्क चिकटवलेली चित्रं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गीर्वाण
मग सोनूबाईंना आपण शब्द द्या. खोड काढायला व्याकरण लागत नाही.

उद्यमनगरचा मिस्त्री
आमच्याकडं 'बिनमडगार्डची' म्हणतील. पण चेष्टा सोडा, त्या उघड्या चाकात फार मोठी गोम आहे. दोन गाड्या पुढंमागं पळताना चाकाला चाक टेकलं तर काय होतं? दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरत असतात. म्हणून टेकतात त्या जागी पुढच्या चाकाची पाठ वर चाललेली असते आणि मागच्या चाकाचं तोंड खाली. मागची गाडी शिडी चढल्यागत वर उडते. स्टॉक कारला मध्ये पत्रा असतो. घासली तर पत्रा चेपतो, टायरचा काळा गोल उमटतो, गाडी पळत राहते. म्हणून तिथं घसटाघसटी चालते आणि इथं चालक चार बोटं लांब राहतो. शब्दात 'उघडं' पाहिजेच, 'मुक्त' नको.

इप्सविचकर
माझी वेगळीच पंचाईत. इथं इंग्लंडात ऑफिसातल्या एकाला मी शहाणपणानं सांगितलं की स्टॉक कारची चाकं झाकलेली असतात. तो हसला आणि शनिवारी फॉक्सहॉल स्टेडियमला घेऊन गेला. इकडे १९५४ पासून हा खेळ आहे. यांच्या फॉर्म्युला वन स्टॉक कारची (तो टीव्हीवरचा फॉर्म्युला वन नव्हे) चाकं सरळ उघडी, चालक एकटा मधोमध, पुढेमागे लोखंडी बंपर, आणि दुसऱ्याला ढकलून बाजूला करणं नियमात बसतं. गाडी मुळापासून शर्यतीसाठीच जोडलेली. म्हणजे चाक उघडं, स्टॉकचा पत्ता नाही, तरी नाव स्टॉक कार! आता करा समास.

पेठेतला
ब्रिटिशांचं सोडा, त्यांची पब्लिक स्कूलसुद्धा खासगी असते.
धाग्याकडे येतो. तुमचे अमेरिकन तर शब्दावरूनच भांडले. इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या मालकांच्या घरातल्या टोनी जॉर्जनं आयआरएल नावाची नवी सिरीज काढली. १९९६ च्या इंडी ५०० मध्ये, म्हणजे त्या ट्रॅकवरच्या ५०० मैलांच्या शर्यतीत, ३३ पैकी २५ जागा आपल्या सिरीजवाल्यांना राखून ठेवल्या. जुन्या सिरीजनं, म्हणजे कार्टनं, त्याच दिवशी मिशिगनला स्वतःची ५०० मैलांची शर्यत लावली. तिथे हिरवा झेंडा पडायच्या आतच गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यात 'इंडीकार' हे नाव कुणाचं म्हणून कोर्टकज्जे. तडजोड अशी निघाली की कार्टनं नाव सोडायचं आणि आयआरएलनं २००२ संपेपर्यंत ते वापरायचं नाही! घर भावांच्या वाटणीत कुलूपबंद राहावं तसा शब्द पडून होता. २००८ मध्ये दोन्ही सिरीज एक झाल्या, तोवर गर्दी नॅसकारकडे गेलेली.
आणि अर्धविराम, 'कार्ट' लिहिताना सांभाळा. घाईत वाचणारा 'कार्टं' वाचेल. अगदीच चुकीचं होणार नाही म्हणा.

उद्यमनगरचा मिस्त्री
मग मालिका कशाला? 'फड' म्हणा की. तमाशाचा फड फुटतो, दोन फड होतात, दोघंही म्हणतात मूळचा फड आमचाच. हुबेहूब हीच भानगड.

गीर्वाण
फड उसाचाही असतो, कुस्तीचाही. वाचकानं कोणता घ्यायचा?

उद्यमनगरचा मिस्त्री
जिथं गाडी पळत असेल तो.

अर्धविराम
फड मला आवडलाय! पण तपासणाऱ्या बाई नागपूरच्या आहेत, त्यांना चालेल?

वऱ्हाडी ठेचा
चालन न जी, फड आमच्याकडंही माहीत हाय. पण शर्यत म्हणाल तर आमचा शब्द 'पट'. शंकरपट. तुमच्याकडची बैलगाडा शर्यत ती वेगळी. आणि उघडं चाक म्हणाल तर आमच्या पटाच्या छकड्याइतकं उघडं चाक अमेरिकेत दाखवा.

पेठेतला
'शर्यत' तरी आपली कुठे आहे? अरबी 'शर्त'वरून आली. आधी अट, मग पैज, मग पळणं.

गीर्वाण
म्हणूनच म्हणतो, 'स्पर्धा' लिहा.

इप्सविचकर
निबंधस्पर्धेत कुणी पळत नाही. जाता जाता: आपल्या नारायण कार्तिकेयननं दोन्ही करून पाहिलं. २००५ ला जॉर्डन नावाच्या संघाकडून फॉर्म्युला वन, २०१० ला मार्टिन्सव्हिलला नॅसकारची ट्रक सिरीज, तिथे तेरावा. 'ट्रक' ऐकून माझ्या आईनं विचारलं होतं, "हॉर्न ओके प्लीजवाला?" पिकअप म्हणून समजावलं तर म्हणाली, "मग टेम्पो म्हण ना."

अर्धविराम
सकाळी फाइल पाठवायचीय. तूर्त 'उघड्या चाकांचे दोन फड भांडत बसले, स्टॉक कारवाले पुढे गेले' लिहिलंय. काना-मात्रा सुटे मोजून, मोकळ्या जागा नि स्वल्पविराम सोडून ४७ भरतायत. सात अक्षरं कापायला मदत करा.

वऱ्हाडी ठेचा
ते होईन. आधी हे सांगा, शंकरपटातला 'पट' आन् सारीपाटातला 'पाट' एकच का? माझा आजा हो म्हणे.

गीर्वाण
मुळीच नाही. यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

उद्यमनगरचा मिस्त्री
आणि आमचे पाटे?