चर्चा : जगाच्या इतिहासाचं ऑनलाइन प्रशिक्षण – हवं की नको?

मास्तर_सातारकर

बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन आहे, वसाहतवाद आहे, दोन्ही महायुद्धं, आफ्रिका-आशियातलं निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्धही आहे. हे शिकवणारे आमच्यातले कितीतरी जण मराठ्यांचा इतिहास घेऊन एम.ए. झालेले. पहिल्या महायुद्धातला इराकमधला कूट-अल-अमाराचा वेढा समजावून सांगणारा जाणकार तालुक्याच्या गावी सापडत नाही. त्यामुळे हे प्रशिक्षण ऑनलाइनच होणार, आणि ते झालंच पाहिजे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास सांगितलेत. तासांबद्दल माझी तक्रार नाही. त्या तासांत चालतं काय, यावर बोलू.

आमच्या भागात काही गावांत भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी दिसते. मजकूर इंग्रजीत. या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी परत आली नाहीत. नावं नसतात, नुसते आकडे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांच्या नोंदी शोधता येतात. बऱ्याच भारतीय नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. पण इंग्रज कारकुनाने गावाचं नाव कसं लिहिलं असेल, याचा अंदाज घेत शोधावं लागतं. हे एकट्याने करताना माणूस कंटाळून सोडून देतो. वीस शिक्षक आणि एक जाणकार पडद्यावर एकत्र बसले, तर एका संध्याकाळीत हात बसतो. मला असं प्रशिक्षण हवंय. मिळतं ते असं : व्हिडिओ बघा, पाच प्रश्नांना टिचकी मारा, प्रमाणपत्र घ्या.

वऱ्हाडी_बाई

सर, असहमत. तुमची वीस शिक्षकांची संध्याकाळ ऐकायला छान आहे, पण आमची संध्याकाळ शिल्लक कुठे आहे? मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात दर महिन्याला नवी लिंक. मागच्या एका प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी पोर्टल बंद पडलं आणि आम्ही रात्री बारापर्यंत मोबाइल धरून बसलो होतो. प्रशिक्षण द्यायचं तर शाळेच्या वेळेत द्या, बदली शिक्षक द्या. तोवर हे 50 तास म्हणजे शिक्षकाच्या घरच्या वेळेवर टाकलेला बोजा आहे. आणि हा बोजा बाईमाणसावर दुप्पट पडतो, हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

वेळेबद्दल बाई म्हणतात ते खरं आहे. माझा आक्षेप त्याच्याही पुढचा आहे.

दक्खनचे दंगे घ्या. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि चोपड्या जाळल्या. व्हिडिओतली साखळी ठरलेली : 1861 ला अमेरिकेत यादवी, मँचेस्टरला कापूस मिळेना, मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव, सावकारांनी हात सैल सोडले, 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज थकलं. जगाचा आणि गावाचा धागा जोडला म्हणून सगळे खूश. पण पुणे जिल्ह्याच्या त्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस होता किती? 1867 पासून फेरजमाबंदीने वाढवलेल्या शेतसाऱ्याचा वाटा किती? यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. चाचणीत मात्र चार पर्याय आणि बरोबर उत्तर एकच! शिक्षक तेच घेऊन वर्गात जातो. त्यापेक्षा त्याला दोन दिवस पुण्याच्या पुराभिलेखागारात नेऊन बसवा. मोडी वाचता आली नाही तरी चालेल, इंग्रजी अहवाल तरी हाताळू द्या.

मास्तर_सातारकर

सर, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. तो वाद शिक्षकांसमोर ठेवायला समोर माणूस लागतो, तो पुण्यातच लागतो असं नाही. दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालातलं एक पान सगळ्यांच्या पडद्यावर टाका आणि विचारा, हा साहेब कुणाची बाजू घेतोय? गडचिरोलीच्या शिक्षकाला पुण्यात दोन दिवस राहायचं तर प्रवासातच दोन दिवस जातात.

कोकणकन्या_ज्युनिअर

मी सातारकर सरांच्या बाजूने. गेल्या वर्षी एका ऑनलाइन गटात मॉरिशसच्या शिक्षिका होत्या. 1834 पासून तिथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते; मॉरिशसमध्ये मराठी समाज आजही आहे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर मजूर उतरायचे, ती जागा 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बाईंनी तिथल्या पायऱ्यांचा फोटो दाखवला आणि विचारलं, 'निघताना ते कुठल्या बंदरातून निघाले, हे तुमची मुलं शिकतात का?' आमच्यात कुणाकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वसाहतवादाचा धडा मी त्या प्रश्नाने सुरू केला. पुराभिलेखागारात मला या बाई भेटल्या असत्या का?

वऱ्हाडी_बाई

ताई, तो गट तुम्ही आवडीने निवडलात, म्हणून कामी आला. तोच उद्या सक्तीचा केला, हजेरीची लिंक जोडली, की त्याचंही पोर्टल होईल. आणि आमच्या गावी संध्याकाळी वीज असेल तर रेंज नसते.

निवृत्त_केंद्रप्रमुख

हे मात्र पटलं. मग सक्ती काढा. 50 तासांतले निम्मे शिक्षकाने स्वतः निवडावेत, शाळेच्या वेळेत, आणि प्रमाणपत्राऐवजी त्याने वर्गात वापरलेला एक कागद मागावा : एखादी नोंद, एखादं पत्र, त्यावर मुलांना विचारलेले प्रश्न. पण तपासणार कोण? केंद्रप्रमुखाच्या टेबलावर आधीच काय ढीग असतो, ते मी पाहिलंय.

मास्तर_सातारकर

तपासणी नकोच सर. तो कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या इतिहासाच्या शिक्षकाकडे जाऊ दे, तो आपल्या वर्गात वापरून बघेल. वऱ्हाडी बाई, रेंजचं उत्तर माझ्याकडे नाही. पण शाळेच्या वेळेची मागणी तुम्ही लिहून काढा, पहिली सही माझी.