उत्तर: एकूण क्रोमियम कळलं, +६ वालं किती?

पाण्याच्या रिपोर्टात एकूण क्रोमियमचा आकडा आहे, त्यातलं विषारी किती, असा प्रश्न आहे. क्रोमियम पाण्यात +३ आणि +६ अशा दोन रूपांत असतं, विषारी ते +६. ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शनवर (नमुना ज्वालेत फवारून धातू मोजणारं यंत्र) ते कळणार नाही. ज्वालेत +३ आणि +६ सारखंच दिसतं. +६ साठी डायफिनाइलकार्बाझाइड (+६ शी रंग देणारं रसायन) घाला, आम्लात जांभळट रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरवर मोजा.

पण खरी गोम नमुन्यात आहे. सोलापूरच्या कंबर तलावाच्या पाण्यात मी, नमुना टिकावा म्हणून, सवयीने नायट्रिक ॲसिड घातलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर, तपासायला मी मुद्दाम मिसळलेलं +६ सुद्धा निम्मं गायब! आम्लात सेंद्रिय गाळाने त्याचं +३ करून टाकलं. आता काठावरच गाळतो, सामू (pH) ९ च्या वर नेतो, बर्फात ठेवतो (सोलापूरचं ऊन माहितीये ना) आणि २४ तासांच्या आत मोजतो.