अमेरिकेत जुनी गाडी: टायटलचा (मालकीच्या सरकारी कागदाचा) इतिहास कुठे बघायचा?

प्रश्न: विकणारा 'टायटल क्लीन आहे' म्हणतोय. कागदावर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: नुसत्या कागदावर अजिबात नको. दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढलं की 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीमुळे भंगारात गेलेली), 'फ्लड' (पुरात सापडलेली) असे शेरे कधीकधी गळतात. पुढच्या काचेखालचा १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) स्वतः टिपा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी जुळवा. त्यात आय, ओ, क्यू नसतात. शून्याचा ओ लिहिलात तर शोध फसतो. मग एनएमव्हीटीआयएसच्या (गाड्यांच्या टायटलची देशभरची नोंद ठेवणारी यंत्रणा) सरकारी साइटवरच्या यादीतूनच पुरवठादार निवडून अहवाल घ्या. शेरे, टोटल लॉस (विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरल्याची नोंद), ओडोमीटर (किती अंतर धावली) त्यात मिळतं.

उत्तर २: एनआयसीबीचं (विमा कंपन्यांची फसवणूक रोखणारी संस्था) व्हीआयएनचेक हे ऑनलाइन शोधसाधन फुकट आहे, तेही बघा. एनएमव्हीटीआयएसमध्ये दुरुस्त्या किंवा कर्जाचा बोजा दिसत नाही. बोजाचं राज्याच्या डीएमव्हीकडे (वाहन नोंदणी कार्यालय) विचारा, आणि विमा कंपनीपर्यंत न पोचलेल्या अपघातासाठी मेकॅनिककडून तपासणी कराच.