मॅपिंगची एक्सेल शीट जाळा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

अर्धा_कप: परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "अजून एक्सेलमध्ये मॅपिंग (जुन्या सिस्टीमचा कुठला रकाना नवीत कुठे जातो ती यादी) ठेवणारे मागासलेले. मेटाडेटा कॅटलॉग, म्हणजे कुठल्या रकान्यात काय आहे याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या, सगळं आपोआप जुळतं." आपोआप? ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर जाताना आमच्या टूलने व्हारचार-टू या मजकुराच्या प्रकारासमोर तिकडचा व्हारचार लावला आणि हिरवी टिक दिली. ओरॅकल रिकामा मजकूर 'नल' (माहितीच नाही) धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. माहिती नसलेल्या नोंदी शोधणाऱ्या 'इज नल' क्वेऱ्यांतून नव्या नोंदी गळायला लागल्या असत्या. वाचलो कशाने? शीटमधल्या 'शेरा' रकान्याने. टीममधल्या एका मुलीने तिथे ते लिहून ठेवलं होतं.

रात्रपाळी: ती मुलगी नोकरी सोडून गेली की? आमच्याकडे 'फायनल_२_खरीफायनल' नावाची शीट होती, शिवाय तिची जुनी प्रत. एकीत स्टेटस 'सी' म्हणजे चालू खातं, दुसरीत बंद. नव्या सिस्टीममध्ये डेटा भरला गेला जुन्या शीटवरून. रात्री ३ वाजता निस्तरत मी बसलो होतो, तुमचा शेरा नाही.

जुनी_खोड: दोघंही उगाच भांडताय. डेटाबेसमध्येच रकान्याला शेरा जोडणारी 'कॉमेंट ऑन कॉलम' आज्ञा फुकट मिळते, पण लिहायला हात दुखतात. ओरॅकल १२.१ पर्यंत कॉलमच्या नावाला ३० बाइट, त्यामुळे आखूड नावं ठेवली ते समजू शकतो. आता १२८ मिळतात, तरी नाव 'फ्लॅग३'!

सुपारी: मिडल नेमचं बोला हो कुणीतरी. आमच्या ऑफिसात नवी एचआर सिस्टीम आली, मॅपिंग मिडल नेम टू फादर्स नेम. लग्नानंतर माझ्या मधल्या नावात नवरा. म्हणजे आता नवराच माझा बाप. विमा नाकारला गेला.

रात्रपाळी: ताई, मग नाव बदलायचंच कशाला?

सुपारी: मी काय बदलायचं ते तुमचा स्कीमा, तुमची रकान्यांची रचना ठरवणार का? महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लागतं. घाला बघू तुमच्या एका मिडल नेममध्ये.

रात्रपाळी: बरं, चुकलो. माझ्या तमिळ सहकाऱ्याला आडनावच नाही. रकाना सक्तीचा, म्हणून तिथे टिंब. पगारपत्रकावर तो 'श्री. टिंब' आहे.

जुनी_खोड: नाव देवनागरीत ठेवून बघा. यूटीएफ-८ मध्ये दर चिन्हाला ३ बाइट, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. नावाचा रकाना ३० बाइटचा असेल तर 'ज्ञानेश्वर' एवढ्यातच संपतो. पुढे 'राव' लावलात की ओआरए-१२८९९, म्हणजे ओरॅकलची 'रकान्यात मावत नाही' ही एरर.

अर्धा_कप: हेच तर म्हणतोय! यातलं एक तरी कॅटलॉगला आपोआप कळलं असतं?

रात्रपाळी: शीटला तरी कुठे कळलं? माणसाने लिहिलं म्हणून कळलं. ते कॅटलॉगमध्ये लिहा, निदान कुणी कधी बदललं ते तरी दिसेल.

अर्धा_कप: घ्या, घ्या कॅटलॉग. लायसन्सचे पैसे तुमच्या बजेटातून. शेऱ्याचा रकाना मात्र सक्तीचा ठेवा.

रात्रपाळी: सक्तीचा केलात की तिथेही टिंबच येणार.

सुपारी: तुमचं चालू द्या. माझ्या बापाचं तक्रारीचं तिकीट मार्चपासून उघडं आहे.