सौम्य, मंद की हलका? लिंबू-संत्र्याच्या सुगंधासाठी मराठी शब्द

प्रश्न

सुगंधी द्रव्यांच्या एका छोट्या दुकानासाठी मी मराठी माहितीपत्रक तयार करत आहे. त्यात लिंबू, संत्रे आणि बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातले एक फळ) यांच्या तेलांवर बेतलेले एक ओ द कोलोन, म्हणजे मद्यार्क आणि पाण्यात मिसळलेले सुगंधी द्रव्य, आहे. उत्पादकाने दिलेल्या इंग्रजी माहितीत त्याला ‘सटल’, ‘फ्रेश’ आणि ‘सिट्रस’ अशी तीन विशेषणे लावलेली आहेत. मी त्यांच्यासाठी ‘हलका, ताजा, आंबटसर सुगंध’ असे लिहिले. दुकानाच्या मालकांनी ते वाचून विचारले, की आपला माल हलका आहे असे आपणच कशाला छापायचे? ‘आंबटसर’ वाचून तर घरच्या मंडळींनीही नाक मुरडले. या तीन शब्दांसाठी मराठीत नेमके काय म्हणावे आणि असा सुगंध पसंत किंवा नापसंत असल्याचे सांगताना कोणती शब्दयोजना रूढ आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मालकांचा आक्षेप रास्त आहे. आहार, पावसाच्या सरी, रंग किंवा ओझे यांच्यासोबत आलेला ‘हलका’ निर्दोष असतो, पण तोच शब्द विकाऊ मालाला लागला की प्रतवारी सांगू लागतो. हलके कापड, हलका तांदूळ, हलके अत्तर हे ऐकताच गिऱ्हाईक किंमत पाडून मागते. ‘हलका सुगंध’ त्या मानाने चालू शकतो, कारण तिथे विशेषण मालाला नव्हे, तर मालाच्या गुणाला लागलेले आहे. तरीही ज्या पानावर किंमत छापलेली आहे, त्या पानावर हा धोका पत्करू नये असे मला वाटते.

यावर पहिला उपाय म्हणून ‘मंद’ सुचेल, आणि सुगंधाशी त्याची जोडी जुनीही आहे. माझी हरकत निराळी आहे. मंद दिवा, मंद वारा, मंद स्मित यांत जोर कमी असतो खरा, पण जे आहे ते संथपणे टिकून असते, म्हणून चंदनाला किंवा खोलीत ठेवलेल्या चार सोनचाफ्यांना हा शब्द शोभतो. लिंबू-संत्र्याच्या सुगंधाचा स्वभाव याच्या उलट आहे. तो प्रथम झणकन येतो, नाकाला जागे करतो आणि थोड्या वेळात विरून जातो. याचे कारण द्रव्यातच आहे. संत्र्याच्या सालीत बारीक तैलग्रंथी असतात आणि साल दाबून काढलेल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. त्याचे रेणू लहान, म्हणून ते लवकर उडतात. नागपुरी संत्र्याची साल बाहेरची बाजू पुढे करून दुमडावी आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबावी, म्हणजे बारीक तुषार उडून तडतडत पेट घेतात. हाच तुषार अत्तरकाराचा कच्चा माल होय. तो त्वचेवर तासन्‌तास ‘मंद’ राहील अशी अपेक्षा निर्माण केली, तर गिऱ्हाईक पहिल्या मिनिटाला ‘हा कुठे मंद आहे?’ म्हणेल आणि दुपारी ‘हा गेला कुठे?’ म्हणेल.

तेव्हा ‘सटल’साठी एकच विशेषण शोधण्याआधी त्यात किती गोष्टी एकत्र बांधल्या आहेत ते पाहावे. सुगंध किती जोराचा आहे, तो किती दूर पसरतो आणि किती वेळ राहतो या तीन बाबी वेगवेगळ्या आहेत, आणि मराठीत त्यांचे शब्दही वेगळे आहेत. जोरासाठी एका टोकाला ‘उग्र’ आणि दुसऱ्या टोकाला ‘सौम्य’ आहे. पसरण्यासाठी ‘दरवळ’ आणि ‘घमघमाट’ आहेत, पण हे दोन्ही आपल्याला येथे उपयोगाचे नाहीत. दरवळते ती रातराणी, आणि घमघमाट सुटतो तो लग्नघरात किंवा तळणीच्या घाण्याभोवती. लिंबाचा घमघमाट सुटला असे कोणी म्हणत नाही. या सुगंधाला मला सर्वांत जवळचे वाटणारे क्रियापद ‘झुळकणे’ हे आहे, आणि त्याचा आधार थेट ज्ञानेश्वरांच्या विराणीत मिळतो: ‘अवचिता परिमळु झुळकला अळुमाळु’. अवचित येणे, झुळकेसारखे येऊन जाणे आणि ‘अळुमाळु’, म्हणजे थोडेसेच असणे, या तिन्ही गोष्टी त्या एका ओळीत आहेत. इंग्रजी शब्दाने जे सांगायचे आहे, त्याहून हे अधिक नेमके आहे.

‘ताजा’बद्दल दोन शब्द. मराठीत ताजे म्हणजे शिळे नव्हे ते. ताजी भाजी, ताजे ताक, ताजी बातमी. ‘ताजा सुगंध’ म्हटले की नुकत्याच केलेल्या वस्तूचा सुगंध असा अर्थ आधी मनात येतो, आणि कुपीतले अत्तर तर ताजे नसतेच. ‘फ्रेश’ हा शब्द येथे सुगंधाचे वय सांगत नाही, तो हुंगणाऱ्यावर होणारा परिणाम सांगतो. त्यासाठी ‘तरतरी आणणारा’ किंवा ‘प्रसन्न’ म्हणावे. टवटवीत मात्र फूल किंवा चेहरा असतो, सुगंध नव्हे.

‘आंबटसर’ तातडीने काढून टाकावे. आंबट ही चव आहे. वासाला तो शब्द लागला की नासलेले दूध, घामाने भिजलेला सदरा किंवा उतू गेलेले इडलीचे पीठ डोळ्यांपुढे येते, ‘आंबूस’ने तर हमखासच. जिभेवर जो गुण, तो नाकात दोष, हा भेद मराठीने काटेकोरपणे पाळला आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन बहुतांशी पटले, पण ‘अळुमाळु’ माहितीपत्रकात घालू नये. शब्द गोड आहे, तरी आज तो त्या ओळीबाहेर जवळपास भेटत नाही, आणि विराणीतला शब्द बाटलीवर चिकटवला की तो उसना वाटतो. ‘झुळकणे’ला माझी हरकत नाही. झुळूक रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

वापराच्या क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. अत्तर ‘लावतात’. ‘सेंट मारणे’ हा प्रयोग बोलीत सर्रास आहे, पण त्यात अतिरेकाची आणि थोडी टवाळीची छटा आहे. ‘काय सेंट मारून आलाय’ हे कौतुक नव्हे. ‘गंध लावणे’ असे चुकूनही लिहू नये, कारण वाचक कपाळाकडे पाहील. ‘वास’ हा शब्द वाईट मानण्याची मात्र हल्ली उगाच प्रथा पडली आहे. विशेषणाशिवाय ‘वास येतोय’ म्हटले तर तक्रार असते हे मान्य, पण वासाचा तांदूळ आणि वासाचे तेल हे प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या आदराने वापरले जात आहेत.

पारखण्याच्या भाषेचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपली सुगंधाची पारख अत्तरावर घडली आहे. हळदीकुंकवाला मनगटाच्या वरच्या बाजूला लावलेले अत्तर, किंवा कानाच्या पाळीत खोचलेला फाया, दुसऱ्या दिवशीही जाणवतो. कनौजची पारंपरिक अत्तरे चंदनाच्या तेलात उतरवलेली असतात, त्यांत मद्यार्क नसतो, त्यामुळे ती संथपणे सुटतात. परिणामी ‘टिकतो किती?’ हा आपला पहिला प्रश्न झाला आहे. ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेलांचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्केच असते आणि बाकी मुख्यतः मद्यार्क व पाणी. त्याला अत्तराच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. येथे क्रियापदाची निवडही निवाडा करून टाकते. हिंगाचा किंवा वेलचीचा ‘वास उडाला’ म्हणजे जिन्नस निकामी झाला. त्यामुळे ‘सुगंध लवकर उडतो’ असे लिहिले की तो दोषच वाटणार. ‘विरतो’ किंवा ‘ओसरतो’ लिहिले की तेच वर्णन होते. अर्थात, पाच मिनिटांत सगळेच संपत असेल, तर तेथे ‘उडतो’ असेच प्रामाणिकपणे म्हणावे.

अत्तरकारही हे अल्पायुष्य मुकाट्याने स्वीकारत नाहीत. लिंबूवर्गीय तेलांखाली वाळा, कस्तुरीसदृश द्रव्ये असे काही संथ उडणारे ठेवून ते तळ बांधतात. १९६६ साली अत्तरकार एदमों रुदनित्स्का यांनी दिओर या फ्रेंच पेढीसाठी रचलेल्या ‘ओ सोवाज’मध्ये हेडिओन हे जाईच्या गंधाशी नाते असलेले द्रव्य वापरले गेले, आणि लिंबाची तरतरी फुलांच्या मोकळ्या गंधात कशी मिसळावी याचा तो नमुना ठरला. म्हणून असा सुगंध दोनदा हुंगावा. एकदा लावल्यावर मद्यार्काचा झटका जाऊ देऊन आणि दुसऱ्यांदा तासाभराने, तोही हाताच्या अंतरावरून. मनगटे एकमेकांवर चोळू नयेत. लावणाऱ्याचे नाक लवकर सरावते, त्यामुळे ‘मला तर काही येतच नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा फवारणारा माणूस लिफ्टमधल्या इतरांना सौम्य वाटत नाही, त्यांना दर्प येत असतो. आणि ‘दर्प’ हा शब्द सुगंधी द्रव्यालाही लागू शकतो, तो केवळ दुर्गंधीचा नाही.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

दोघांचेही आभार. ‘सौम्य’ आणि ‘प्रसन्न’ मी घेत आहे. आता दोन शंका उरतात. ‘सिट्रस’ला ‘लिंबूवर्गीय’ म्हणावे काय, आणि बर्गमॉटला ईडलिंबू किंवा महाळुंग म्हटले तर चालेल काय? शिवाय इंग्रजी माहितीत ‘टॉप’, ‘हार्ट’ आणि ‘बेस’ अशा तीन ‘नोट्स’ दिल्या आहेत. त्यांचे काय करावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘लिंबूवर्गीय’ हा शब्द शुद्ध आहे आणि रुळलेलाही आहे, पण तो फळबागेत रुळलेला आहे. नागपूरला या फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे आणि विदर्भातला शेतकरी हा शब्द रोज वाचतो. ‘लिंबूवर्गीय फळांच्या तेलांपासून’ असे लिहायला हरकत नाही, मात्र ‘लिंबूवर्गीय सुगंध’ म्हटले की कृषी खात्याचे पत्रक वाचल्यासारखे वाटते. जातीचे नाव सांगण्यापेक्षा फळाचे नाव सांगावे, आणि त्यातही नुसते ‘लिंबू’ नको. लिंबाचा वास हा भांडी घासायच्या साबणांनी इतका वापरून टाकला आहे, की नुसत्या लिंबाने वाचक मोरीपाशी पोहोचतो. ‘संत्र्याची साल’, ‘लिंबाचे चुरगळलेले पान’ असे म्हटले की तो बागेत पोहोचतो. कडू संत्र्याच्या फुलांचे तेल, म्हणजे नेरोली, तुमच्या कुपीत असेल, तर तेही ‘संत्र्याची फुले’ म्हणूनच सांगावे. पानाफांद्यांचे तेल त्याच झाडापासून निघते आणि त्याची हिरवट, किंचित कडसर छटा वेगळी असते.

बर्गमॉटला बर्गमॉटच म्हणावे. त्याची लागवड मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रियाच्या किनारपट्टीवर होते, ते सहसा खात नाहीत, सालीच्या तेलासाठीच पिकवतात, आणि अर्ल ग्रे चहा प्यायलेल्यांनी तो वास ओळखलेला असतो. ईडलिंबू हे आपले लोणच्याचे फळ आहे. महाळुंग तर त्याहून वेगळे, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते ते. दोन्ही नावे ओळखीची आहेत म्हणून तिसऱ्याच फळाला देणे ही फसवणूक होईल. जाता जाता एक सूचना: प्रक्रिया न केलेल्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टेन नावाचे द्रव्य असते आणि ते अंगावर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजते किंवा काळे डाग पडतात. ते काढून टाकलेले तेल वापरले आहे काय, हे उत्पादकाला विचारून घ्यावे. नसेल, तर ‘उन्हात जाण्यापूर्वी कपड्यावर लावावे’ ही ओळ सर्व विशेषणांच्या आधी छापावी.

तीन ‘नोट्स’साठी शिर, हृदय, पाया असे अवयव मोजत बसू नये. ‘आधी’, ‘मग’ आणि ‘शेवटी’ ही साधी क्रियाविशेषणे पुरेशी आहेत, कारण त्या शब्दांमागची कल्पना काळाचीच आहे. सुगंध असा वेळेतून सांगण्याचे उदाहरण ओ द कोलोनच्या उगमातच आहे. योहान मारिया फारिना या इटालियन अत्तरकाराने १७०८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात आपल्या नव्या सुगंधाची तुलना पाऊस पडून गेल्यानंतरच्या इटलीतल्या वसंतातल्या सकाळीशी केली होती. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये सुरू झालेल्या पेढीतून तो सुगंध युरोपभर गेला आणि शहराचे नाव त्या प्रकाराला चिकटले.

शेवटचा भाग ‘ओ द कोलोन’ या नावाबद्दल. दुकानमालक कदाचित ‘कोलनवॉटर’ सुचवतील, कारण तो शब्द मराठीत आधीपासून आहे. त्याला मी नकार देईन. आपल्याकडे कोलनवॉटर आले ते बरेचसे आजारपणाबरोबर. तापात कपाळावर त्याच्या घड्या ठेवत, मद्यार्क उडताना गारवा देई, आणि साठी ओलांडलेल्या अनेक वाचकांच्या मनात तो वास अजूनही थर्मामीटरशेजारी आहे. तुम्हाला तो वाचक गमवायचा नसेल, तर नाव ‘ओ द कोलोन’ असेच ठेवावे आणि मजकूर साधारण असा करावा:

‘संत्र्याची साल, लिंबाचे पान आणि बर्गमॉट यांचा सौम्य, प्रसन्न सुगंध. लावताच तरतरी येते. मग संत्र्याच्या फुलांची झुळूक, आणि शेवटी वाळ्याचा किंचित ओलसर गंध मागे राहतो. जवळ आलेल्यालाच जाणवतो. दोन-तीन तासांनी ओसरतो, तेव्हा हवे तर पुन्हा लावावे.’

फुले आणि वाळा तुमच्या कुपीत खरोखर आहेत याची खात्री करून घ्यावी, नसल्यास ते वाक्य गाळावे. तासांचा आकडाही उन्हाळ्यात स्वतः लावून पाहूनच छापावा. कोकणातल्या मे महिन्यात हे सुगंध पुण्याच्या डिसेंबरपेक्षा लवकर विरतात.