आर्कराइट हे आडनाव नेमकं कुठून आलं?

सूतगुंडी: नमस्कार मंडळी. लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो, औद्योगिक क्रांतीचा धडा, त्यात सूत कातायचं मशीन काढणारा रिचर्ड आर्कराइट आला आणि तिनं विचारलं पप्पा हा राइट बंधूंच्या नात्यातला का. मला काय सांगताच येईना ओ. माझे वडील इथं सोलापुरात मिलच्या स्पिनिंग खात्यात होते त्यामुळं ह्या माणसाचं नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं, पण आडनावाचा अर्थ कधी शोधलाच नाही. आणि दुसऱ्या कुणाचं हे आडनाव ऐकल्याचंही आठवत नाही. कुठली ही लोकं?

जुनापुराणा: नातं नाही, पण पोरीनं बरोबर पकडलंय! दोन्हीतला 'राइट' एकच, स्पेलिंग डब्ल्यूनं सुरू होतं, अर्थ कारागीर, जास्त करून लाकूडकाम करणारा. 'आर्क' म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलीत पीठ-धान्य ठेवायची मोठी लाकडी पेटी, मूळ लॅटिन आर्का. आपल्याकडं कणगी तशी तिकडं ही पेटी, ती बनवणारा सुतार तो आर्कराइट. तसाच कार्टराइट म्हणजे गाडे बनवणारा, आणि १७८५ साली पॉवरलूमचं पेटंट घेणारा एडमंड कार्टराइटच होता. म्हणजे कताईला एक राइट आणि विणायला दुसरा, मला तर हे वाचून लय भारी वाटलेलं.

नकाशावाली: लोकं मुख्यतः उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरची. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेत हे आडनाव तिकडंच दाट दिसतं, रिचर्डसुद्धा १७३२ साली तिथल्याच प्रेस्टनमध्ये जन्मला. कमी का राहिलं, तर आर्क हा शब्दच उत्तरेकडं चालायचा म्हणून आडनाव थोड्याच घरांना लागलं असणार, आणि आडनाव मुलाकडून पुढं जातं, सगळ्या मुलीच झाल्या की ती शाखा तिथंच थांबते. गॅल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी १८७४ साली यावर गणितच मांडलं होतं, मुळात कमी घरं असली की आडनाव पुसलं जायची शक्यता खूप वाढते.

पूर्वभाग: पण रिचर्ड स्वतः कुठं सुतार होता, वडील शिंपी, हा न्हावी, केसांचे टोप विकायचा, मग १७६९ ला वॉटर फ्रेमचं, म्हणजे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या त्याच्या कताई मशीनचं पेटंट आणि १७७१ ला इंग्लंडातल्या क्रॉमफर्डची सूतमिल. आपल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरांत गाजुल आडनाव आहे बघा, तेलुगूत गाजुलु म्हणजे बांगड्या, आणि काम पिढ्यान् पिढ्या मागावर. लेकीला हे उदाहरण द्या, वर्गात एखादा गाजुल असणारच.

सूतगुंडी: आहे ना, तिच्या बाकावरच! सगळ्यांचे मनापासून आभार, वडिलांना आत्ताच वाचून दाखवलं. आता लेक विचारतीय स्पिनिंग जेनी हे दुसरं कताई मशीन काढणारा हारग्रीव्ह्ज, त्याच्या आडनावाचा अर्थ काय?

जुनापुराणा: ते गावाच्या नावावरनं, आपल्या 'कर'सारखं. त्यातला 'ग्रीव्ह' म्हणजे झाडांची राई. तेही लँकेशायरकडचंच.