घरच्या भिंतीसाठी फोटो छापताना

‘इंटरनेटवर सापडलेल्या दुसऱ्याच्या फोटोची घरात लावायला एक प्रिंट काढली तर कोणाचं काय जातं?’ हा मुद्दा अर्धाच पटतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी वापराला मुभा देतं, पण ती उचित वापरापुरतीच. दवाखान्याची वेटिंग रूम किंवा होमस्टेची खोली त्यात धरू नका. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरची छायाचित्रकाराची खूण, कापून छापणं तर अजिबात नको. फोटोवरचं नाव जाणूनबुजून पुसणं २०१२च्या दुरुस्तीनंतर गुन्हा ठरू शकतं.

शिवाय प्रिंटही चांगली येत नाही. ८×१० इंचाला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४००×३००० पिक्सेल लागतात. सोशल मीडियावरची १०८० पिक्सेल रुंदीची फाइल साडेतीन इंचांपर्यंतच नीट छापते. ताणली की कडा फुटतात, आकाशात पट्टे दिसतात.

म्हणून छायाचित्रकारालाच विचारा. आकार, प्रतींची संख्या, कुठे लावणार हे दोन ओळींत कळवा. बरेच जण मोठी फाइल किंवा स्वतः काढलेली प्रिंट वाजवी पैशांत देतात, आणि ते पैसे द्यायलाच हवेत. पहाटे गड चढून फोटो त्यांनी काढलेला असतो. उत्तर आलं नाही तर ती परवानगी समजू नये. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या फोटोंच्या संकेतस्थळावर मूळ आकाराची फाइल आणि परवाना दोन्ही मिळतात. तिथून घेतलंत तर प्रिंटच्या मागे छायाचित्रकाराचं नाव लिहा.